पट्ट्याच्या जमिनीवरील सदनिका : खरेदी, विक्री आणि भाडे

इ. स. १६६८ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, तेव्हा तिने दरसाल ३० सप्टेंबर रोजी १० पौंड सोन्यात भरावे, एवढाच सारा सनदेत ठरवून दिला होता. काटेकोर कायदेपंडित त्या सनदेला भाडेपट्टा म्हणणार नाहीत, कारण तिला मुदत नव्हती. परंतु जमिनीचा धनी एक, तिच्यावर घर बांधून नांदणारा दुसरा, आणि उभयतांमध्ये सालाबादच्या रकमेचा व लिखित शर्तींचा संबंध, ही व्यवस्था या शहराच्या अंगवळणी फार पूर्वीपासून पडलेली आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. जुन्या महसुली दप्तरांतून फाजंदारी, फोरास, पेन्शन-अँड-टॅक्स अशी जमीनधारणेची जी नावे आढळतात ती या व्यवस्थेचीच निरनिराळी रूपे होत. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव या भागांत रस्ते आखून भूखंड पाडले आणि ते विकून न टाकता ९९ किंवा ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले. ट्रस्टचा कारभार पुढे महापालिकेत विलीन झाला आणि पट्टाकाराची, म्हणजे पट्टा देणाऱ्याची, गादी पालिकेकडे आली. बॅलार्ड इस्टेट व कुलाब्याच्या गोदी भागात बंदर विश्वस्त मंडळ व त्याचे उत्तराधिकारी बंदर प्राधिकरण, समुद्र हटवून काढलेल्या बॅकबेच्या जमिनीवर राज्य शासन, वसाहतींच्या जमिनीवर गृहनिर्माण मंडळ व त्याची उत्तराधिकारी म्हाडा, खाडीपलीकडे १९७० साली स्थापन झालेली सिडको, आणि पुण्याच्या वायव्येस २०२१ पर्यंत पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण, असे हे सरकारी व निमसरकारी जमीनदार आहेत. लक्षावधी मराठी कुटुंबांची घरे त्यांच्या जमिनींवर उभी आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य कुटुंबांना आपली जमीन पट्ट्याची आहे ही गोष्ट घर विकायला काढल्यावरच कळते.

अशा घराच्या व्यवहारात पहिला प्रश्न हटकून विचारला जातो तो मुदतीचा : पट्ट्याची किती वर्षे उरली? प्रश्न गैर नाही. परंतु मुदतीचा हिशेब दस्ताच्या पहिल्याच पानावर उघड्या डोळ्यांनी दिसतो आणि सहसा कोणाला फसवत नाही. घात होतो तो आतल्या पानांतील शर्तींमुळे. हस्तांतरणास कोणाची पूर्वपरवानगी लागते, त्या परवानगीची किंमत काय, वापर कोणता ठरला आहे, पोटभाडेकरू ठेवता येतो की नाही, आणि शर्तभंग झाल्यास पट्टाकार जमीन परत घेऊ शकतो काय, या प्रश्नांची उत्तरे ज्या मूळ पट्ट्यात असतात तो दस्तऐवज विकणाऱ्याने पाहिलेला नसतो, घेणाऱ्याने मागितलेला नसतो, आणि मध्यस्थ दलालाच्या लेखी तर तो अस्तित्वातच नसतो. ९९९ वर्षांच्या पट्ट्यावरील घरही एका वाईट शर्तीमुळे अडकून पडते, आणि ६० वर्षांच्या पट्ट्यावरील घर शर्ती स्वच्छ असतील तर निर्वेधपणे हातोहात जाते, हे ज्याने दुय्यम निबंधकांच्या कचेरीत काही काळ घालवला आहे त्यास सांगावे लागत नाही.

कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टा म्हणजे काय, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ मध्ये सांगितले आहे : स्थावर मिळकतीचा उपभोग घेण्याच्या हक्काचे, ठराविक मुदतीसाठी किंवा कायमचे, एकरकमी अधिमूल्य किंवा नियतकालिक भाडे अथवा दोन्ही घेऊन केलेले हस्तांतरण. म्हणजे पट्टेदाराकडे येतो तो नुसता ताबा नव्हे. मिळकतीतील एक खराखुरा हितसंबंध त्याच्याकडे येतो, तो विकता येतो, गहाण टाकता येतो, वारसांकडे जातो. त्याच अधिनियमाच्या कलम १०८ नुसार, करारात काही विपरीत नसेल तर, पट्टेदार आपला हितसंबंध पूर्णतः वा अंशतः दुसऱ्यास देऊ शकतो. मात्र केवळ तसे दिल्यामुळे तो स्वतः पट्ट्याच्या जबाबदाऱ्यांतून सुटत नाही. ‘करारात काही विपरीत नसेल तर’ या पाच शब्दांवर सगळा खेळ आहे, कारण सार्वजनिक पट्टाकारांच्या जवळजवळ प्रत्येक छापील पट्ट्यात ते विपरीत असतेच.

मुंबईतील सदनिकेची रचना याहून एक मजला अधिक गुंतागुंतीची आहे. इंग्लंडात सदनिकाधारक स्वतः दीर्घ मुदतीचा पट्टेदार असतो आणि त्याच्या डोक्यावर भूस्वामी असतो. तेथील कायदा या नात्यातील जाच कमी करण्याच्या खटपटीत असून, नव्या दीर्घ मुदतीच्या निवासी पट्ट्यांवरील भुईभाडे ३० जून २०२२ पासून बहुतांशी नाममात्रही उरलेले नाही. लंडनमध्ये घर घेणारे आपले लोक तो अनुभव जमेस धरून मुंबईच्या घराकडे पाहतात आणि चुकतात. येथे पट्टेदार असते ती सहकारी गृहनिर्माण संस्था, किंवा संस्थेच्या नावे दस्त होईपर्यंत विकासक. सदनिकाधारक हा संस्थेचा सभासद. त्याच्या हाती असतात संस्थेचे भाग आणि त्यांच्याशी निगडित सदनिकेचा कब्जा. म्हणून घर विकत घेताना दोन साखळ्या तपासाव्या लागतात. एक वरची : विकासकाने पहिल्या खरेदीदाराशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाचा नोंदणीकृत दस्त आणि भागदाखला. दुसरी खालची : पट्टाकाराकडून विकासकाकडे आणि विकासकाकडून संस्थेकडे जमीन कशी आली. वरची साखळी सगळे तपासतात. खालची क्वचितच कोणी उघडून पाहतो.

खालच्या साखळीचा पहिला धागा मिळकत पत्रिकेत सापडतो. नगर भूमापन कार्यालयातून मिळणाऱ्या या पत्रिकेवर सत्ताप्रकाराचा एक रकाना असतो आणि जमीन कोणत्या धारणेची आहे हे त्यात लिहिलेले असते. त्यानंतर मूळ पट्ट्याची नोंदणीकृत प्रत मिळवावी. येथे एक सूक्ष्म पण निर्णायक भेद ध्यानी घ्यावा लागतो. पट्टा वेगळा आणि पट्टा देण्याचा करार वेगळा. नवी मुंबईत सिडकोचा भूखंड घेणाऱ्या विकासकाशी प्रथम पट्टा देण्याचा करार होतो, त्या अन्वये त्याला बांधकामापुरता जमिनीत प्रवेश मिळतो, आणि इमारत पुरी होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ६० वर्षांचा पट्टा लिहून दिला जातो, बहुधा संस्थेच्या नावे. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात घर घेतलेला मनुष्य अशा इमारतीत राहतो की जिच्या खालच्या जमिनीचा पट्टा कायद्याने अजून जन्मालाच आलेला नाही. विकासकाने सिडकोची येणी थकवली, मुदतीत बांधकाम पुरे केले नाही किंवा मंजूर नकाशाबाहेर काही उभारले, तर पट्टा लिहून मिळायला वर्षानुवर्षे लागतात आणि त्या वर्षांचे अतिरिक्त शुल्क शेवटी सभासदांच्याच गळ्यात पडते. म्हाडाच्या वसाहतींत रचना आणखी निराळी : तेथे इमारतीचे विक्रीखत आणि जमिनीचा भाडेपट्टा असे दोन स्वतंत्र दस्त संस्थेच्या नावे होतात, आणि एक झाला म्हणून दुसरा झाला असे समजण्याचे कारण नाही. लॉटरीत मिळालेली सदनिका पाच वर्षे विकता येत नाही, हे बंधन तर वेगळेच.

आता शर्तींकडे येऊ. सर्वांत खर्चिक शर्त हस्तांतरणाच्या संमतीची. सार्वजनिक पट्टाकार ही संमती देताना हस्तांतरण शुल्क आकारतो, आणि शासकीय जमिनींच्या बाबतीत अनर्जित उत्पन्नातील हिस्साही मागितला जातो : म्हणजे जमिनीची किंमत वाढली ती पट्टेदाराच्या कष्टाने नव्हे, तेव्हा वाढीचा वाटा मूळ धन्यालाही मिळावा. तत्त्व म्हणून यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. शहराच्या वाढीतून निर्माण झालेले मूल्य शहराकडे परत यावे ही कल्पना सन्माननीय आहे. आक्षेप आहे तो तिच्या अंमलबजावणीला. शुल्काचे दर परिपत्रकांतून वारंवार बदलतात, अर्जाचा प्रवास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सावकाश चालतो, आणि चार हस्तांतरणांपूर्वी एका सभासदाने परवानगी न घेता घर विकले असेल तर त्याचा दंड आजच्या खरेदीदाराकडून वसूल होतो. पट्टाकाराच्या दृष्टीने आधीचे प्रत्येक विनापरवाना हस्तांतरण हा एक जिवंत शर्तभंग असतो; त्याला मुदतबाह्य म्हणून सोडून देण्याची पद्धत शासकीय दप्तरात नाही. म्हणून विक्रेत्याने स्वतःच्या खरेदीच्या वेळी परवानगी घेतली होती काय, एवढे विचारून भागत नाही. त्याच्या आधीच्यांनी घेतली होती काय, हेही विचारले पाहिजे. दलाल अशा वेळी ‘एनओसीचं काय, होऊन जाईल’ असे म्हणतो. त्या वाक्यातला ‘होऊन जाईल’ हा क्रियापदाचा भाग कोण करणार आणि कोणाच्या पैशाने, याचे उत्तर करारातच लिहून घ्यावे.

शर्तभंगाचा अखेरचा परिणाम म्हणजे पट्ट्याची जप्ती. कलम १११ मध्ये पट्टा संपुष्टात येण्याच्या कारणांत मुदतसमाप्तीबरोबर जप्तीचाही उल्लेख आहे. तथापि कायद्याने पट्टेदाराला काही ढाली दिल्या आहेत. भाडे थकल्यामुळे जप्ती आली असेल तर कलम ११४ अन्वये दाव्याच्या सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज व खर्च भरून न्यायालयाकडे दिलासा मागता येतो. आणि हस्तांतरण वा पोटभाड्याची मनाई सोडून अन्य एखाद्या स्पष्ट शर्तीचा भंग हे कारण असेल तर कलम ११४-अ प्रमाणे पट्टाकाराने विशिष्ट भंग नमूद करून, तो सुधारण्याजोगा असल्यास सुधारण्यास सांगून, लेखी नोटीस देणे आवश्यक असते. या ढाली कागदावर मजबूत आहेत. व्यवहारात पट्टाकार जर केंद्र सरकारच्या अखत्यारीतील मंडळ असेल, उदाहरणार्थ मुंबई बंदर, तर १९७१ चा सार्वजनिक जागांतून अनधिकृत भोगवटादारांना काढण्याचा अधिनियम लागू होतो, त्याखाली मंडळाचाच इस्टेट अधिकारी निवाडा करतो, आणि भाडेनियंत्रण कायद्याचा आश्रय तेथे मिळत नाही. अशोका मार्केटिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली हा प्रश्न निकालात काढला. याच्या जोडीला जमशेद वाडिया प्रकरणातील २००४ चा निकालही वाचावा. सार्वजनिक पट्टाकाराला बाजारभावाच्या दिशेने भाडे वाढवता येते. परंतु नफेखोर खाजगी घरमालकाप्रमाणे वागण्याची त्याला मुभा नाही, त्याचे आचरण न्याय्य व सयुक्तिक असले पाहिजे, असे त्यात न्यायालयाने बजावले. पट्टेदार संस्थांच्या वकिलांच्या तोंडी आजही हे दोन्ही निकाल असतात. कोणता आधी काढायचा हे ते पट्टाकाराची नोटीस पाहून ठरवतात.

मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. मुदत संपताच इमारतीसह सारे काही पट्टाकाराचे, आणि सभासद रस्त्यावर, असा जो धाक घातला जातो तो वस्तुस्थितीचा विपर्यास आहे. मुदतीनंतरही पट्टाकाराने भाडे स्वीकारले किंवा अन्य प्रकारे ताब्यास संमती दिली, तर कलम ११६ अन्वये पट्टा पुढे चालू राहिल्याचे मानले जाते, जरी ते चालू राहणे साल-दरसाल किंवा महिना-दरमहिना अशा तुटपुंज्या स्वरूपाचे असते. पट्ट्यात नूतनीकरणाची तरतूद असेल तर ती मागण्याचा हक्क संस्थेस आहे, आणि शासनाची धोरणेही वसाहती रिकाम्या करण्याची नसून नवे भाडे ठरवून नूतनीकरण करण्याची आहेत. खरा जाच आर्थिक असतो : जुने भुईभाडे वर्षाला काही रुपयांचे, नवे ठरते ते वार्षिक दरविवरणातील जमिनीच्या किमतीच्या टक्क्यांवर. जिची मुदत उलटून गेली आहे पण नूतनीकरण झालेले नाही अशा संस्थेत घर घेणाऱ्याने मागील तारखेपासून येणारी फरकाची रक्कम किती असू शकेल याचा अंदाज संस्थेच्या हिशेबनिसाकडून घ्यावा, आणि ती विक्रेत्याने भरावी की खरेदीदाराने, हे इसार देण्यापूर्वी ठरवावे. बँकादेखील येथेच अडतात, कारण कर्जाची परतफेड होईपर्यंत पट्टा जिवंत राहील अशी त्यांना हमी हवी असते, आणि गहाणास पट्टाकाराची संमती लागत असेल तर ती घेतल्यावाचून त्या रक्कम देत नाहीत.

विक्रीच्या दस्ताविषयी थोडक्यात. दस्त नोंदणीकृत हवा, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकांसमोर सादर झाला पाहिजे. पट्ट्याच्या जमिनीवर आहे म्हणून मुद्रांक शुल्क कमी पडत नाही. पट्ट्याच्या अभिहस्तांतरणासही महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली खरेदीखताइतकेच शुल्क आहे, आणि नवा पट्टा २९ वर्षांहून अधिक मुदतीचा असेल तर बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर आकारणी होते. किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून शासनजमा करावयाचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचा नियम वेगळा व दर बराच मोठा आहे, हे परदेशस्थ मुलांच्या नावे असलेले घर घेणाऱ्यांना फार उशिरा समजते. गृहनिर्माण संस्थेच्या पातळीवर हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये अशी शासनाने २००१ साली ठरवून दिली आहे. देणगी, विकास निधी वगैरे नावांनी तिच्यावर उकळलेली रक्कम बेकायदेशीर असते, मग ती सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मागितलेली का असेना. आणि नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. मृत सभासदाचा नामनिर्देशित मनुष्य संस्थेच्या दप्तरी सभासद झाला तरी इतर वारसांचे हक्क बुडत नाहीत. अशा मनुष्याकडून घर घेताना सर्व वारसांच्या हक्कसोडपत्राशिवाय एक पैसाही पुढे करू नये.

मुखत्यारपत्रावर घर विकण्याची प्रथा दिल्लीत फार बोकाळली, आणि तिच्या मुळाशी पट्ट्याच्या शर्तीच बव्हंशी होत्या. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या पट्ट्यावरील सदनिका परवानगीशिवाय विकता येत नसे, परवानगी मागितली की वाढीव मूल्याचा वाटा द्यावा लागे; तेव्हा लोकांनी विक्रीकरार, सर्वाधिकार मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांची मोट बांधून घरे हातोहात फिरवली. ऑक्टोबर २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदांनी मालकी संक्रमित होत नाही असा निर्वाळा दिला. खऱ्याखुऱ्या कामासाठी दिलेल्या मुखत्यारपत्राला, उदाहरणार्थ परदेशी मुलाने घरच्या मनुष्याला सही करण्यापुरते दिलेल्या, या निकालाने बाधा आलेली नाही. महाराष्ट्रात हा रोग तितका पसरला नाही, परंतु सिडकोच्या जुन्या छोट्या घरांच्या व्यवहारांत त्याची लागण आढळते, आणि ज्याने मुखत्यारपत्र दिले होते तो मूळ वाटपदार हयात नाही असे पुढे आढळून येते. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर त्याचाही सामान्यतः अंत होतो.

विकासकांनी पट्ट्याचा उपयोग उलट्या दिशेनेही करून पाहिला. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवासा प्रकल्पात सदनिका ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या गेल्या, किमतीचा सिंहाचा वाटा अधिमूल्य म्हणून घेतला गेला आणि वार्षिक भाडे नाममात्र ठेवले गेले. ताबा लांबल्यावर खरेदीदार महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे गेले तेव्हा, हा भाडेपट्टा आहे, विक्री नव्हे, म्हणून स्थावर संपदा अधिनियम लागू होत नाही, असा बचाव पुढे आला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. व्यवहाराचे नाव काहीही असो, इतक्या दीर्घ मुदतीचा व इतके अधिमूल्य घेतलेला पट्टा या अधिनियमाच्या दृष्टीने विक्रीच आहे. आणि २०१६ च्या त्या अधिनियमाच्या व्याख्येतच ‘वाटपग्राही’ या संज्ञेत पट्ट्याने घेणाराही येतो, फक्त भाड्याने राहणारा येत नाही. नव्या प्रकल्पात पट्ट्याच्या जमिनीवर घर घेणाऱ्याने म्हणूनच महारेराच्या संकेतस्थळावरील जमिनीच्या हक्काचा अहवाल उघडून पाहावा. विकासकाला तो तेथे ठेवावा लागतो, आणि विक्री कार्यालयातील गोड बोलण्यापेक्षा तो पुष्कळच स्पष्ट बोलतो.

भाड्याने देण्याच्या प्रश्नाला मुंबईत एक दीर्घ सावली आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण इतके भक्कम होते की घरमालकांनी भाडेकरू हा शब्दच टाळण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुज्ञप्तीचा मार्ग शोधला. विधिमंडळाने तो कोंडण्यासाठी १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अनुज्ञप्तिधारक जागेत होते त्यांना एका फटकाऱ्यात भाडेकरू ठरवले. आणि परिणामी पुढील पाव शतक हजारो सदनिका कुलूपबंद राहिल्या, कारण घर भाड्याने देणे म्हणजे गमावणे हा धडा मालक विसरले नाहीत. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ ने ही कोंडी फोडली. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या अनुज्ञप्तीची मुदत संपली की धनी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागेचा ताबा परत मिळवू शकतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून बसणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि तसे न झाल्यास शर्तींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत इतर प्रांतांत खरी असली तरी महाराष्ट्रात साफ खोटी आहे. अनुज्ञप्तीवरील मुद्रांक शुल्क एकूण भाड्यासह अनामतीवरील नाममात्र दहा टक्के वार्षिक व्याज धरून त्या बेरजेच्या पाव टक्का, इतके अल्प असताना नोंदणी टाळणाऱ्याला काय म्हणावे? आणि दस्ताला ‘अनुज्ञप्ती’ असे नाव दिले म्हणजे तो अनुज्ञप्ती होतोच असे नाही. १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणापासून न्यायालये शीर्षकापेक्षा आशय पाहतात, आणि अनन्य ताबा व हितसंबंध देण्याचा हेतू दिसला तर तो पट्टाच ठरतो.

पागडीच्या जुन्या इमारतींतील भाडेहक्काची खरेदीविक्री हे वेगळे प्रकरण आहे. कलम ५६ ने तिला कायद्याची मान्यता दिली असली तरी ती पट्ट्याच्या जमिनीवरील सदनिकेची विक्री नव्हे, आणि दोहोंची गल्लत करणाऱ्या जाहिराती रोज छापून येतात.

पट्ट्याच्या जमिनीवरील सदनिका भाड्याने देताना पट्टाकार, संस्था आणि पोलीस अशा तीन दारांवर विचारपूस करावी लागते. पट्ट्यात पोटभाड्यास मनाई असेल तर संस्थेने हरकत घेतली नाही एवढ्याने काम भागत नाही. संस्थेला कळवणे, कराराची प्रत देणे आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे उपविधींनी व स्थानिक आदेशांनी ठरवलेले कर्तव्य आहे. पण भाडेकरू कोण असावा, विवाहित की अविवाहित, सामिष की निरामिष, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही उपविधीने संस्थेला दिलेला नाही. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि ते मोजताना पालिकेचे कर वगळावे लागतात. हा शासकीय आदेशही २००१ चाच, आणि उच्च न्यायालयाने तो २००७ मध्ये उचलून धरला आहे. घर आईबाप, भावंडे, मुले अशा जवळच्या आप्तांकडे असेल तर हे शुल्क लागत नाही.

शासकीय जमिनी भोगवटादार वर्ग-२ मधून किंवा पट्ट्यातून मुक्त करून वर्ग-१ करण्याची सोय ८ मार्च २०१९ च्या नियमांनी झाली आहे. पुष्कळ संस्था तिच्याकडे आशेने पाहतात. मात्र हे नियम महसूल खात्याच्या जमिनींपुरते आहेत; सिडको, पालिका, बंदर यांच्या जमिनींना ते आपोआप लागू होत नाहीत, आणि प्रत्येक मंडळाचे आपले वेगळे धोरण असते. अधिमूल्य भरण्यापूर्वी शर्तभंगांचा दंड भरावा लागतो आणि हिशेब वार्षिक दरविवरणावर होत असल्याने उशीर जितका अधिक तितका आकडा मोठा. रूपांतराचा ठराव झालेल्या संस्थेत घर घेणाऱ्याने वर्गणीची आपल्या वाट्याची रक्कम किमतीत धरूनच सौदा ठरवावा. विक्रेता तिचा उल्लेख आपण होऊन करण्याची शक्यता फारशी नाही.

राहिला पुनर्विकास. जुन्या इमारतींच्या बाबतीत घराची किंमत आता राहण्याच्या सोयीवर ठरत नाही, पुनर्विकासात मिळणाऱ्या जादा क्षेत्रफळाच्या अपेक्षेवर ठरते, आणि ती अपेक्षा पट्ट्याच्या जमिनीवर पट्टाकाराच्या संमतीवर व त्याने मागितलेल्या अधिमूल्यावर अवलंबून असते. त्याहून आधीचा प्रश्न असा की पट्टा संस्थेच्या नावे आहे काय. १९६३ च्या सदनिका मालकीविषयक ‘मोफा’ कायद्याने विकासकावर जमिनीचा हक्क संस्थेकडे अभिहस्तांतरित करण्याचे बंधन घातले. त्याने टाळाटाळ केली तर २००८ च्या दुरुस्तीने संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. परंतु विकासकाकडे जितका हक्क होता त्याहून अधिक हक्क या मार्गाने संस्थेला मिळू शकत नाही. जमीन पट्ट्याची असेल तर संस्थेला मिळतो तो उरलेल्या मुदतीचा पट्टा, त्याच्या सर्व शर्ती व थकबाकीसह. आणि विकासकाशी पट्टा झालेलाच नसेल, फक्त पट्टा देण्याचा करार असेल, तर संस्थेच्या हाती येते ती पट्टाकाराकडे पट्टा मागण्याची उमेदवारी. अशा संस्थेतील घर पुनर्विकासाच्या भावाने विकत घेणाऱ्याने मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश, त्याच्या पाठीमागील दस्त आणि पट्टाकाराचे अलीकडचे येणेबाकीचे पत्र, हे तिन्ही कागद वकिलाच्या हाती देईपर्यंत इसाराचा धनादेश आपल्या खिशातच ठेवावा.